तीन वर्षं झाली, तरी मी पाहुणीच

पत्राचा सारांश: वाचक ३३ वर्षांच्या आहेत. घर नाशिक जिल्ह्यात, एम.एस्सी., बी.एड. करून पुण्यात काही वर्षं शिकवलं. सध्या चीनमधल्या चेंगडू शहरात एका खासगी शाळेच्या आंतरराष्ट्रीय विभागात अकरावी-बारावीच्या मुलांना इंग्रजीतून भौतिकशास्त्र शिकवतात. तिसरं वर्ष चालू आहे. पगार चांगला, शाळेने दिलेला फ्लॅट आवाराला लागूनच. त्या लिहितात : "सगळे आदराने वागतात, पण जवळ कुणी करत नाही. तीन वर्षांत एकाही सहकाऱ्याने घरी बोलावलं नाही. सुरुवातीला दोनदा हॉटपॉटला (टेबलावर उकळत्या रश्श्यात शिजवत सगळ्यांनी मिळून खायचं जेवण) चल म्हणाले होते. त्या रश्श्यात बीफची चरबी असते म्हणून मी नाही म्हटलं, मग तेही थांबलं. मीटिंग असली की आदल्या रात्री वीचॅटवर (चिनी मेसेजिंग ॲप) कळतं, तेही चिनीत. मुलं वर्गात तोंड उघडत नाहीत. वय किती, पगार किती, लग्न का नाही, हे मात्र रिक्षावालासुद्धा विचारतो. मागच्या हिवाळ्यात ताप आला तेव्हा परदेशी शिक्षकांचं काम पाहणाऱ्या बाई दवाखान्यात घेऊन गेल्या खऱ्या, पण दुसऱ्या दिवशी माझे रिपोर्ट अख्ख्या स्टाफरूमला माहीत!" घरून आई-वडील परत ये म्हणतात, फोन धड लागत नाही. शाळेने दोन वर्षांच्या नव्या कराराचा मसुदा दिला आहे आणि पंधरा दिवसांत उत्तर मागितलं आहे. "जिथे आपण कधीच आपले होणार नाही, तिथे आयुष्याची आणखी दोन वर्षं घालवायची का?" असा त्यांचा प्रश्न आहे.

तुझ्याहून बरीच मोठी आहे, तेव्हा अगं-तुगं करते. मीही काही वर्षं चीनमध्ये शिकवलं आहे. तुझ्या चेंगडूत नव्हे, पूर्वेकडे सुझोऊत. त्यामुळे पत्र वाचताना बऱ्याच ठिकाणी माझी मान डोलत होती. हॉटपॉटच्या ओळीवर मात्र ती थांबली.

तू प्रश्न विचारलास राहायचं की परतायचं, असा. पण त्याच्या पोटात तू आणखी एक गोष्ट गृहीत धरली आहेस : एखाद्या ठिकाणी राहायचं तर तिथल्या माणसांनी आपल्याला आपलं म्हणायला हवं, नाहीतर तिथे राहणं म्हणजे वर्षं वाया घालवणं. पुण्यात नोकरीला होतीस तेव्हा असं म्हणाली असतीस का? पुण्यातल्या किती सहकाऱ्यांच्या घरी जेवली होतीस, हे एकदा आठवून बघ. हिशेब फार मोठा निघणार नाही. तिथे कुणी बोलावलं नाही तर ते कामात आहेत असं आपण समजतो. परदेशात तीच गोष्ट घडली की तिचा संबंध आपल्या परकेपणाशी जोडतो.

घरी न बोलावण्याबद्दल आधी बोलू, कारण तो सल सगळ्यात मोठा दिसतो. चिनी शहरांत पाहुणचार होतो तो हॉटेलात. घरं लहान असतात. अनेक घरांत मूल सांभाळायला आजी-आजोबा गावाहून येऊन राहिलेले असतात. बाहेरचं खाणं स्वस्त आणि उत्तम. त्यामुळे माणसं एकमेकांना टेबलाभोवती भेटतात, दिवाणखान्यात नाही. मला तिथे घरी बोलावणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती, पण जेवायला बोलावणारी पुष्कळ. म्हणजे ज्या दारावर कुणी हाक मारेल म्हणून तू तीन वर्षं उभी आहेस, त्या दाराने तिथली माणसंही फारशी ये-जा करत नाहीत. त्यांनी तुला बोलावलं होतं, दोनदा, आणि चेंगडूत ज्याला बोलावणं म्हणतात नेमकं त्यालाच बोलावलं होतं.

तू बीफ खात नाहीस यात चुकीचं काहीच नाही, आणि तुझी माहितीही बरोबर आहे. तिथल्या लाल, झणझणीत हॉटपॉटचा पायाच मुळी गाईबैलांची चरबी. पण तू नकार दिलास तेव्हा कारण सांगितलंस का? पत्रावरून वाटतं, नुसतं हसून "आज नको" म्हणालीस. आपल्याकडे आग्रह करणारा तिसऱ्यांदा विचारतो, चौथ्यांदा ओढून नेतो. तिथे परदेशी माणसाने दोनदा नाही म्हटलं की समोरचा समजतो, हिला आपल्याबरोबर जेवायचं नाही. मग तोही बिचारा संकोचाने थांबतो. कारण कळलं असतं तर वाट निघाली असती. बहुतेक हॉटपॉटवाल्यांकडे वनस्पती तेलातला रस्साही मिळतो, दोन कप्प्यांचं भांडं मागवता येतं, एका बाजूला मशरूमचा किंवा टोमॅटोचा रस्सा घेता येतो. फक्त पांढरा रस्सा बघून तो शाकाहारी समजू नकोस, तो बरेचदा हाडं उकळून केलेला असतो. काही ठिकाणी प्रत्येकापुढे स्वतंत्र छोटं भांडंच ठेवतात, तो सगळ्यात सोपा मार्ग. 'मी हे खात नाही' या वाक्याचं तिथे कुणाला नवल नाही. चिनी मुसलमानांची वेगळी खानावळ जवळपास प्रत्येक शहरात असते, आणि बौद्ध शाकाहाराची परंपरा तर जुनीच आहे.

या परंपरेचाच उपयोग कर. चेंगडूत वेन्शू मठ आहे, मेट्रोच्या एक नंबर लाइनवर त्याच्याच नावाचं स्टेशन आहे. मठाच्या आवारात शाकाहारी भोजनालय आहे आणि झाडांखाली चहाची बाग. या महिन्यातल्या एखाद्या रविवारी दोघी-तिघी सहकाऱ्यांना तिथे तू जेवायला बोलाव. एक गोष्ट लक्षात ठेव, बोलावणारा सगळ्यांचं बिल देतो. टीटीएमएम, म्हणजे तू तुझं मी माझं, हा प्रकार तरुण मित्रमंडळींत चालतो, सहकाऱ्यांच्या जेवणात नाही. बिलावरून थोडी ओढाताण होईल, त्यासाठी हात धुवायला जाते म्हणून उठायचं आणि फोनवरून पैसे भरून यायचं. तिथल्या बायका हेच करतात. पुढच्या वेळी त्या तुला बोलावतील, कारण आता पाळी त्यांची असते. तीन वर्षांत तू अशी पाळी कुणावर येऊच दिली नाहीस, आणि मला वाटतं, तुझा पाहुणेपणा निम्मा इथेच तयार झाला आहे.

दवाखान्याच्या प्रसंगाने तुला चीड आली हे समजू शकते. आपले रिपोर्ट चारचौघांत चर्चेला आले की अंगावर कपडे नसल्यासारखं होतं. तरी त्याच प्रसंगातली दुसरी बाजू तू एका ओळीत उरकलीस. चिनी सरकारी रुग्णालयात ताप दाखवायचा म्हणजे काय असतं हे मी पाहिलं आहे. आधी नाव नोंदवायचा नंबर, मग त्याचे पैसे, मग डॉक्टर दोन मिनिटं, मग तपासणीचे पैसे, मग दुसऱ्या मजल्यावर रक्त, मशीनमधून छापील रिपोर्ट, परत डॉक्टर, मग औषधाचे पैसे आणि औषधाची रांग. अर्धा दिवस सहज जातो. त्या बाईंनी हे सगळं तुझ्यासाठी केलं, बहुधा स्वतःचं काम बाजूला ठेवून. आणि नंतर स्टाफरूममध्ये सांगितलं ते बातमी म्हणून नव्हे, तर हिच्याकडे लक्ष ठेवा, हिला गरम पाणी पाजा, यासाठी सांगितलं असण्याची शक्यता मोठी आहे. यात तुझ्या खासगीपणाचा भंग झालाच. तो त्यांना सांग, पण एकटीला गाठून, आभार मानून झाल्यावर, आणि पुढच्या वेळेसाठी म्हणून सांग : "माझ्या तब्येतीचं फक्त तुम्हालाच सांगेन, इतरांना मी सांगेन तेव्हा." चारजणांसमोर किंवा वीचॅटच्या ग्रुपवर मात्र अवाक्षर काढू नकोस. सगळ्यांसमोर चूक दाखवली की ती माणसं चूक विसरतात आणि अपमान लक्षात ठेवतात. आपणही काही वेगळे नाही म्हणा.

पगार आणि लग्नाच्या प्रश्नांवर मला थोडं हसू आलं. नाशिक-पुणे एसटीत खिडकीशेजारी बसलेली अनोळखी काकू संगमनेर यायच्या आत हेच दोन प्रश्न विचारते, आणि तिसरा जातीचा, जो तुला चेंगडूत तरी कुणी विचारत नाही. तुझ्या पत्राच्या सुरावरून मला असंही वाटलं की लग्नाच्या प्रश्नापासून लांब जायला म्हणूनही तू घर सोडलंस. तो प्रश्न पासपोर्ट घेऊन तुझ्या आधी पोचला, त्याला कोण काय करणार! चेंगडूच्या पीपल्स पार्कमध्ये चक्कर मार. तिथे आई-बाप आपल्या मुलामुलींचं वय, उंची, शिक्षण, नोकरी कागदावर लिहून टांगून ठेवतात आणि स्थळं शोधतात. तुझ्या शेजारच्या टेबलावरची तिशीतली शिक्षिका चंद्र नववर्षाला घरी जाते तेव्हा तिचीही याच विषयावरून परेड होते. तू त्या प्रश्नाला उत्तर देत बसण्यापेक्षा तिलाच विचार, "तुझ्या घरी काय म्हणतात?" माझ्या सुझोऊतल्या दोन घट्ट मैत्रिणी मला याच विषयाने दिल्या.

आता एक गोष्ट, जी पत्रात कुठेच नाही आणि म्हणून मला जास्त महत्त्वाची वाटते. तुझ्या चिनी सहकाऱ्यांचा दिवस कसा जातो, हे तू लिहिलेलं नाहीस. वर्गशिक्षिका असेल तर ती सकाळच्या वाचनाच्या तासाला मुलांच्या आधी हजर असते. संध्याकाळी जेवणानंतर मुलांचा स्वाध्यायाचा तास असतो, रात्री नऊ-साडेनऊपर्यंत, त्यावरही तिची पाळी. मध्ये पालकांचे वीचॅट संदेश, वसतिगृहातली भांडणं, तपासण्या, अहवाल. यातलं बहुतेक काही परदेशी शिक्षकाच्या वाट्याला येत नाही. तुझे तास संपले की तू मोकळी. शिवाय तुझा पगार तिच्यापेक्षा बराच जास्त असणार आणि वर फ्लॅट फुकट. ती पगार विचारते तेव्हा तो आगाऊपणा नसेलही, तिला फरक मोजायचा असेल. इतक्या असमान दोन माणसांमध्ये जे अंतर असतं ते वंशाचं किंवा देशाचंच असेल असं नाही. एका खोलीत बसून एक जण रात्री नऊला सुटतो आणि दुसरा साडेचारला, याचं ते अंतर आहे.

म्हणजे पाहुणेपण तुझ्या सोयीचंही आहे. हे बोचेल, पण लिहिते. चिनी मीटिंगला नाही बसलं तरी चालतं, पालकांना तोंड द्यावं लागत नाही, वीजबिल आणि नळदुरुस्तीही त्या बाई बघतात. हे सगळं हवं आणि आतलंही व्हायचं, दोन्ही एकदम जमत नाही. आपलेपणा ज्या गोष्टींतून येतो त्या बहुतेक कटकटीच्या असतात. तुला त्यातली एखादी उचलायची आहे का, ते ठरव. उदाहरणार्थ, आठवड्यातून एक संध्याकाळ स्वाध्यायाच्या तासाला स्वतःहून बस, भौतिकशास्त्राच्या शंका घ्यायला. वर्गशिक्षिकेचा तो तास जरा हलका होईल. आणि ज्या मुलांचं वर्गात तोंड उघडत नाही ती तिथे उघडतील, कारण तिथे चाळीस डोळे त्यांच्याकडे बघत नसतात. ती मुलं तुझ्यावर रुसलेली नाहीत. परक्या भाषेत सगळ्यांसमोर चुकायची त्यांना भीती वाटते. प्रश्न चिठ्ठीवर लिहून मागव, आधी दोघादोघांत बोलू दे, मग उत्तर माग. हे तुला ठाऊक असणारच, शिक्षिका तू आहेस.

मीटिंगचं मात्र मनावर घेऊ नकोस. आदल्या रात्री निरोप येतो तो तुलाच नाही, सगळ्यांनाच. तुझ्या चिनी सहकारी त्याला सरावल्या आहेत, एवढंच. वीचॅटवर संदेश दाबून धरला की भाषांतर येतं, ते वापर. आणि वर्षाच्या शेवटी सरकार पुढच्या वर्षाच्या सुट्ट्यांची यादी जाहीर करतं, ती उतरवून भिंतीवर लाव. लांब सुट्टीची भरपाई म्हणून कुठले शनिवार-रविवार कामाचे आहेत, ते त्यात असतं. नव्या शिक्षकांची निम्मी भांडणं या भरपाईच्या रविवारांवरून होतात.

तुझं सगळं पत्र शाळेच्या आवारात घडतं, हे लिहिताना तुझ्या लक्षात आलं का? फ्लॅट आवाराला लागून, जेवण शाळेच्या कॅन्टीनमध्ये, ओळखी स्टाफरूमच्या. दोन कोटींहून जास्त वस्तीच्या शहरात राहून तू एका गल्लीत राहते आहेस. चेंगडू तर चीनमधलं सगळ्यात निवांत शहर म्हणून नावाजलेलं. पीपल्स पार्कच्या चहाच्या बागेत बांबूच्या खुर्चीवर बसलं की झाकणाचा पेला आणि गरम पाण्याचा थर्मास मिळतो आणि दिवसभर कुणी उठवत नाही. उत्तरपत्रिका तिथे नेऊन तपास. शेजारी कान कोरणारा चिमटे वाजवत फिरतो, पलीकडे म्हातारे पत्ते कुटत असतात, आणि अर्ध्या तासात कुणीतरी 'कुठली तू' विचारतंच. आमिर खानवर दोन मिनिटं जातील, मग पुढचं बोलणं सुरू होतं. संध्याकाळी कुठल्याही मोकळ्या चौकात बायकांचा नाच चालतो, त्यात मागच्या रांगेत उभं राहायला आमंत्रण लागत नाही. भाजी ॲपवरून मागवतेस, ती आठवड्यातून दोनदा मंडईत जाऊन एकाच बाईकडून घे. तिथे ताजी कोथिंबीर, कारलं, मुळा, हिरव्या मिरच्या सगळं मिळेल. आणि सिचुआनी मिरी हुंगून बघ. आपलं कोकणातलं तिरफळ त्याच कुळातलं आहे, तूरडाळीच्या आमटीत ती मला फार आवडायची. डाळ आणि कणीक ताओबाओवर, म्हणजे तिथल्या ऑनलाइन बाजारात मिळते.

चिनी भाषा 'कामापुरती' येते म्हणतेस. तीन वर्षांनी ती कामापुरतीच असेल तर आठवड्यातून दोन तास शिकवणी लाव. अस्खलित व्हायची गरज नाही, मंडईत विनोद कळला तरी पुष्कळ. चेंगडूचे लोक आपसात सिचुआनी बोलतात, ती तुला कळत नाही यात तुझा दोष नाही. बीजिंगच्या माणसालाही तिथे कान द्यावा लागतो.

आणि हिवाळा. तू पत्र कुठल्या महिन्यात लिहिलंस ते मी पाहिलं. चेंगडू दक्षिणेत मोडतं, म्हणजे इमारतींना उत्तरेसारखी सार्वजनिक उष्णतेची सोय नाही. पारा शून्याखाली क्वचित जातो, पण घर आतून ओलं आणि गार. वर आभाळ असं झाकलेलं की तिथल्या कुत्र्यांना ऊन दिसलं की ती भुंकतात, अशी चिनी म्हणच आहे. नाशिकच्या उन्हात वाढलेल्या माणसाचं मन अशा हवेत खचतं, आणि मग ते खचण्याला माणसांमधून कारणं शोधतं. तेलाचा हीटर आणि हवेतली ओल शोषणारं यंत्र घे, सकाळी उजाडल्यावर अर्धा तास बाहेर चाल. झोप किंवा भूकच गेली असेल, रडू आवरत नसेल तर मात्र हवामानावर ढकलू नकोस. मराठीत ऑनलाइन बोलणारे मानसोपचारतज्ज्ञ आता मिळतात. अडीच तासांचाच फरक आहे, तिथल्या रात्री नऊला इथे साडेसहा वाजलेले असतात.

फोनचं टेन्शन खरं आहे आणि त्यात तुझा किंवा आईचा दोष नाही. व्हॉट्सॲप चीनमध्ये बंद. वीचॅट भारताने जून २०२०मध्ये इतर चिनी ॲप्सबरोबर बंद केलं. म्हणजे दोन सरकारांनी मिळून तुमच्या मायलेकींमधली रेघ पुसली आहे. बंदी चुकवणाऱ्या आडवाटेच्या सॉफ्टवेअरवर (व्हीपीएन) सगळी भिस्त ठेवू नकोस. कायद्याने ती वाट धुसर आहे, आणि नेमकी गरज असते त्या दिवशी ती बंद पडते. दोघींकडे आयफोन असेल तर फेसटाइम चालतं. मायक्रोसॉफ्ट टीम्सही बरं चालतं, भावाला सांगून आईच्या फोनवर ते एकदा बसवून घे. भारतीय सिमकार्ड रोमिंगवर चालू असेल तर त्याच्या डेटावर व्हॉट्सॲप चालतं. महाग पडतं, पण तातडीसाठी असू दे. सगळ्यात उपयोगी म्हणजे आठवड्यातले दोन वार आणि वेळ ठरवून टाक, आणि आईला सांगून ठेव की मधल्या दिवशी फोन लागला नाही तर काही झालेलं नाही. रोज लागेल या आशेवर बसलेली आई रोज घाबरते.

वडील डॉ. कोटणीसांचे फॉरवर्ड पाठवतात आणि त्याच दमात परत ये म्हणतात, हे वाचून गंमत वाटली. सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस १९३८मध्ये पाच डॉक्टरांच्या पथकातून गेले, चिनी शिकले, तिथेच लग्न केलं आणि १९४२मध्ये ३२व्या वर्षी तिथेच गेले. ते थोरच. पण ते युद्धात गेले होते आणि तू पगारी नोकरीवर. ते ओझं तू घ्यायचं कारण नाही. चीनमध्ये राहण्यासाठी चीनवर प्रेम असावं लागत नाही, आणि परतलीस तर ती हारही नाही.

आता करार. हा निर्णय तू आपलेपणाच्या तराजूवर तोलू नकोस. त्यासाठी दुसरे मुद्दे आहेत. आई-वडिलांची तब्येत खरोखर कशी आहे, की नुसती आठवण येते? भाऊ पुण्यात आहे म्हणतेस, त्याच्याशी आई-वडिलांना वगळून एकदा स्पष्ट बोल. पैशाचं उद्दिष्ट काय होतं, किती गाठलं? परतून नेमकं काय करणार? मुंबई-पुण्यातल्या केंब्रिज आणि आयबी या आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमांच्या शाळांमध्ये तुझ्या अनुभवाला मागणी आहे, पगार मात्र चेंगडूइतका बहुधा मिळणार नाही. आत्ताच दोन-तीन ठिकाणी अर्ज टाकून बघ, म्हणजे परतणं ही नुसती कल्पना राहणार नाही. शांघाय किंवा शाओशिंगकडे भारतीय वस्ती जास्त आहे म्हणून तिकडे बदलून जायचा विचार डोक्यात असेल तर मी त्याच्या बाजूने नाही. वस्ती मोठी असेल, पण तू तिथेही शाळेच्या आवाराला लागूनच राहशील.

माझं मत विचारशील तर दोन वर्षांवर सही करू नकोस आणि पंधरा दिवसांत राजीनामाही देऊ नकोस. एक वर्षाचा करार माग. मिळण्यासारखा आहे, शाळेलाही सत्राच्या मध्यावर भौतिकशास्त्राचा शिक्षक शोधणं सोपं नसतं. उत्तरासाठी चंद्र नववर्षाच्या सुट्टीनंतरची तारीख माग, आणि ती सुट्टी घरी घालव. आता थेट विमानंही आहेत. २०२०पासून बंद असलेली सेवा ऑक्टोबर २०२५मध्ये कोलकाता-ग्वांगझोने पुन्हा सुरू झाली, मागोमाग दिल्लीही जोडली गेली. पूर्वीसारखं बँकॉक-सिंगापूर करत यायला नको. एक वर्ष मिळालं तर वर सुचवलेल्या गोष्टींपैकी दोन-तीनच कर, सगळ्या नकोत. त्यानंतरही हेच वाटलं तर खुशाल परत ये. तेव्हा निदान न जेवलेल्या हॉटपॉटवरून निर्णय झाला, असं होणार नाही.

परतायचंच ठरलं तर कागद नीट जमव. किमान ३० दिवस आधी लेखी सूचना, शाळेकडून नोकरी सोडल्याचा दाखला आणि वर्क परमिट रद्द केल्याचा कागद. वर्क परमिट त्या शाळेशी बांधलेलं असतं. हे दोन कागद नसले तर पुढे कधी चीनमध्ये दुसरी नोकरी घेताना अडकशील. पगारपत्रकावर सामाजिक विम्याची कपात दिसते का बघ. पेन्शनच्या व्यक्तिगत खात्यात तुझ्या पगारातले ८ टक्के जात असतील, तर देश सोडताना ती रक्कम अर्ज करून काढता येते. बरेच शिक्षक विमानतळावर पोचल्यावर हे ऐकतात. आणि जुलैत परतलीस तर त्या आर्थिक वर्षात तू १८२ दिवसांहून जास्त भारतात राहशील, म्हणजे निवासी ठरशील आणि एप्रिलपासूनचा चिनी पगारही इथल्या विवरणपत्रात दाखवावा लागेल. तिथे भरलेल्या कराची वजावट मिळते, त्याचे दाखले निघण्याआधी घे आणि सीएला आधीच विचार.

तुझ्या पत्रासारखी पण उलट्या दिशेची पत्रंही मला येतात : चीनमध्ये शिकवायला जायचंय, एजंटने इंग्रजी शिकवायची नोकरी देतो म्हटलंय, वगैरे. त्यांच्यासाठी इथेच लिहून टाकते. चीनमध्ये इंग्रजी भाषा शिकवायचं वर्क परमिट सर्वसाधारणपणे इंग्रजी मातृभाषा असलेल्या ठरावीक देशांच्या नागरिकांनाच मिळतं. भारतीय पासपोर्टवर ते मिळवून देतो म्हणणाऱ्याकडे संशयाने बघा. २०२१च्या जुलैमध्ये सरकारने शालेय विषयांच्या नफ्यावर चालणाऱ्या खासगी शिकवण्यांवर बंदी आणली, तेव्हापासून क्लासेसचा तो बाजार तसाही आटला आहे. गणित, विज्ञान, संगणक हे विषय इंग्रजीतून शिकवणाऱ्या पदवीधर आणि अनुभवी शिक्षकांना वाट आहे. जायचं ते झेड व्हिसावरच, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर. पोचल्यावर २४ तासांत पोलिस चौकीत राहण्याची नोंद आणि ३० दिवसांत निवास परवान्याचा अर्ज. "आधी पर्यटक किंवा बिझनेस व्हिसावर या, मग बदलून देऊ" म्हणणाऱ्या शाळेला तिथेच नमस्कार करा. बेकायदा काम केल्याचा दंड ५,००० ते २०,००० युआन आहे, प्रकरण गंभीर ठरलं तर कोठडीही, आणि तो भोगावा लागतो शिक्षकाला.